बुरशीचे आम्लात काम करणारे प्रोटिएज: चौथ्या दिवशी ॲक्टिव्हिटी का पडते, पेपस्टॅटिनने पूर्ण का थांबत नाही

प्रश्न थोडक्यात असा: गव्हाच्या कोंड्यावर ॲस्परजिलस नायजर वाढवला आणि पीएच ३ ला केसीनवर (दुधातल्या प्रथिनावर) प्रोटिएज, म्हणजे प्रथिन तोडणारे एन्झाइम, मोजले. ७२ तासांपर्यंत आकडे चढत गेले, ९६ तासांनंतर निम्म्यावर आले. पेपस्टॅटिन हे एन्झाइम थांबवणारे द्रव्य घातले तरी एक तृतीयांश ॲक्टिव्हिटी उरलीच. ट्रिस बफर, पीएच ८ मध्ये डीईएई कॉलम (ऋणभारित प्रथिने धरून ठेवणारा ॲनायन एक्स्चेंजर) चालवला तर हाती काहीच लागले नाही. आता स्ट्रेन बदलावा, माध्यम बदलावे, की मोजण्यातच घोळ आहे?

स्ट्रेन बदलू नका. तीनपैकी दोन तक्रारी पीएचच्या आहेत आणि तिसरी, पेपस्टॅटिनची, ही मुळात तक्रारच नाही. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

नायजर आम्लात चालणारे एकच प्रोटिएज सोडत नाही, अख्खी टोळी सोडतो. त्यात मुख्य म्हणजे ॲस्परजिलोपेप्सिन १. हे पेप्सिनच्या घराण्यातले ॲस्पार्टिक प्रोटिएज. पेपस्टॅटिन याला नॅनोमोलर पातळीवरच पकडून ठेवते. (पेपस्टॅटिन १९७० मध्ये हामाओ उमेझावा यांच्या गटाने स्ट्रेप्टोमायसिसपासून वेगळे केले. तोवर ‘हे ॲस्पार्टिक आहे’ असे सिद्ध करणे फार किचकट काम होते.) पण त्याच द्रावात ॲस्परजिलोपेप्सिन २ असू शकते. नाव जवळचे असले तरी ते वेगळ्याच कुळातले आहे. त्याच्या क्रियास्थळी दोन ॲस्पार्टिक आम्ले नसून एक ग्लुटामिक आम्ल आणि एक ग्लुटामाइन असते. रचनाही निराळी: ३९ आणि १७३ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, सहसंयुजी बंधाशिवाय एकमेकींना धरून बसलेल्या. पेपस्टॅटिनचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही आणि त्याला पीएच २ च्या आसपासचे आम्ल आवडते. स्कायटॅलिडियम बुरशीतल्या अशाच एका एन्झाइमची त्रिमिती रचना २००४ मध्ये समोर आली, तेव्हा हे ‘ग्लुटामिक पेप्टिडेज’ नावाचे स्वतंत्र कूळ आहे हे पक्के झाले. त्यामुळे त्याआधीच्या लेखांत ‘पेपस्टॅटिनला न जुमानणारे आम्ल प्रोटिएज’ असा उल्लेख दिसला तर गोंधळू नका.

टोळीतले बाकीचे गडी म्हणजे सेरीन कार्बॉक्सिपेप्टिडेज, सेडोलायसिन गटातली ट्रायपेप्टिडिल पेप्टिडेज आणि प्रोलीननंतर कापणारे प्रोलिल एंडोपेप्टिडेज. ही सगळी आम्लातच चालतात. कार्बॉक्सिपेप्टिडेज एकेक अमिनो आम्ल सुटे करते. त्यामुळे मोठे प्रथिन फोडण्यात त्याचा वाटा लहान असला तरी टायरोसिन मोजणाऱ्या पद्धतीत त्याचा आकडा फुगतो.

एकच नमुना पीएच २, ३ आणि ४.५ ला मोजा, प्रत्येक वेळी पेपस्टॅटिनसह आणि पेपस्टॅटिनशिवाय. उरलेला हिस्सा पीएच २ ला वाढत असेल तर संशय ग्लुटामिक पेप्टिडेजवर. पीएमएसएफने (सेरीन एन्झाइमच्या रोधकाने) त्याला चाप बसत असेल तर सेरीन कार्बॉक्सिपेप्टिडेजकडे पाहा. मात्र सेडोलायसिन पीएमएसएफला दाद देतीलच असे नाही. ईडीटीएचा (धातूचे आयन पकडणाऱ्या द्रव्याचा) काहीच परिणाम दिसायला नको. दिसला तर मेटॅलोप्रोटिएज किंवा जिवाणूंचा शिरकाव तपासा. आणि पेपस्टॅटिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते मिथेनॉलमध्ये किंवा डीएमएसओमध्ये करून घ्या आणि कंट्रोलमध्ये तेवढाच सॉल्व्हंट घाला. नळीच्या तळाशी बसलेले पेपस्टॅटिन कुणालाच थांबवत नाही.

आता मुख्य एन्झाइमचा स्वभाव. हा कळला की उत्पादनातल्या निम्म्या अडचणी आपोआप कळतात. बुरशीच्या ॲस्पार्टिक प्रोटिएजमध्ये साधारण ३२० ते ३४० अमिनो आम्ले असतात आणि रेणुभार बहुधा ३० ते ४५ किलोडाल्टन. रेणूचे दोन भाग, मधे खोल खाच, त्या खाचेत पेप्सिनच्या क्रमांकानुसार ३२ आणि २१५ या जागांवर दोन ॲस्पार्टिक आम्ले. दोघांत मिळून एक प्रोटॉन आणि मधे पाण्याचा एक रेणू. हेच पाणी पेप्टाइड बंधावर हल्ला करते. सेरीन प्रोटिएजसारखा सहसंयुजी मध्यस्थ इथे तयार होत नाही. प्रोटॉन वाटून घेण्याची ही व्यवस्था आम्लातच टिकते. त्यातून खाचेत सात-आठ अमिनो आम्ले एकदम बसतात, म्हणून ट्रिप्सिनसाठी वापरतो ते बीएपीएनएसारखे छोटे रंगीत सबस्ट्रेट (एन्झाइमने तोडायचे द्रव्य) इथे कामाचे नाहीत. कापण्याची आवड जलविरोधी अमिनो आम्लांच्या बाजूला. पण पेप्सिनला न जमणारी एक गोष्ट ॲस्परजिलस, पेनिसिलियम आणि रायझोपसच्या एन्झाइमना जमते: ती लायसिननंतर कापतात आणि त्यामुळे ट्रिप्सिनोजेनचे ट्रिप्सिन करू शकतात.

जाता जाता: पेनिसिलोपेप्सिन, रायझोपसपेप्सिन आणि एंडोथियापेप्सिन या बुरशीच्याच एन्झाइमच्या रचना १९७० च्या दशकात उलगडल्या. दोन्ही भाग एकमेकांसारखे दिसल्यावर एकाच जनुकाची दुप्पट होऊन हे घराणे जन्मले असावे, असे १९७८ मध्ये मांडले गेले. पुढे एचआयव्हीचे प्रोटिएज हाती आले ते दोन सारख्या अर्ध्यांचे, प्रत्येकात एक ॲस्पार्टिक आम्ल. म्हणजे तो तर्क बरोबर निशाण्यावर होता. एड्सवरच्या प्रोटिएज-रोधक औषधांमागे या बुरशीच्या अभ्यासाचा बराच हात आहे.

कामाचा भाग असा की या एन्झाइमचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला रेणूवरचा एकूण भार शून्य होतो तो) बहुधा ३ ते ४.५ असतो, कमाल काम पीएच ३ ते ४.५ ला होते आणि टिकाऊपणा साधारण २.५ ते ६ च्या पट्ट्यात. त्याच्यावर गेलात की आम्लधर्मी बाजूसाखळ्यांवरचे ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि रेणू उलगडतो. हे बहुधा परत न येणारे असते. पुन्हा पीएच ३ केला म्हणून गेलेले एन्झाइम जिवंत होत नाही. तुमच्या डीईएई कॉलमचे कोडे इथेच सुटले. ट्रिस, पीएच ८ हा प्रथिनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सवयीचा बफर आहे आणि या एन्झाइमसाठी तो विषच. याला ॲनायन एक्स्चेंजरवर बांधायला पीएच ८ लागतच नाही. ५.५ ला त्याच्यावर पुरेसा ऋणभार असतो. ॲसिटेट किंवा हिस्टिडीन बफर घ्या, ५ ते ५.५ ला बांधा, मिठाच्या चढत्या प्रमाणाने उतरवा. डायलिसिसही साध्या पाण्यात करू नका. बफर निघून गेल्यावर आतला पीएच कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. झायमोग्राम (जेलमध्येच ॲक्टिव्हिटीचा पट्टा पाहण्याची पद्धत) करताना जेलमधला ट्रिस ८.८ चा असतो, हेही लक्षात असू द्या. तिथे पट्टा दिसला नाही म्हणजे एन्झाइम नाही असे समजू नये.

आता मोजणी. केसीनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट ४.६. त्याच्या आसपास ते गोळा होऊन खाली बसते, म्हणून पीएच ४ ते ५.५ च्या पट्ट्यात केसीनवर काढलेला पीएच-आलेख एन्झाइमचा नसून केसीनच्या विद्राव्यतेचा असतो. प्रबंधांत ‘पीएच ३ ला एक शिखर, ६ ला दुसरे, म्हणजे दोन एन्झाइम’ असे निष्कर्ष मी बरेच वाचले आहेत. त्यातले काही खरे असतील, काहींत मधली दरी केसीनने खोदलेली असते. आम्ल प्रोटिएजसाठी एम. एल. ॲन्सन यांची १९३८ ची हिमोग्लोबिन पद्धत अजूनही चांगली. आम्लाने उलगडलेले हिमोग्लोबिन त्या पट्ट्यात विरघळलेले राहते. उद्योगात दोन एकके जास्त दिसतात: एचयूटी हे हिमोग्लोबिनवर पीएच ४.७, ४० अंश सेल्सिअसला, आणि एसएपीयू हे केसीनवर पीएच ३, ३७ अंशांना. या दोन आकड्यांचे एकमेकांत रूपांतर होत नाही. पुरवठादाराचे माहितीपत्रक आणि तुमचा प्रबंध यांची तुलना करण्याआधी दोघांनी काय मोजले ते बघा.

ब्लँककडे (एन्झाइमचे काम होऊ न देता घेतलेल्या, वजा करायच्या मोजणीकडे) मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. कोंड्याच्या अर्कात सुटी अमिनो आम्ले आणि फिनॉलिक द्रव्ये भरपूर असतात आणि टायरोसिन मोजायला वापरतात त्या फोलिन द्रावणाचा निळा रंग दोन्हींमुळे येतो. म्हणून प्रत्येक नमुन्याला स्वतःचा ब्लँक हवा. सबस्ट्रेटमध्ये आधी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल, मग एन्झाइम, बाकी सगळे तसेच. पाण्याचा एकच ब्लँक सगळ्या दिवसांना लावला तर दिवसागणिक वाढणारी अमिनो आम्ले ॲक्टिव्हिटी म्हणून मोजली जातात. फोलिन घालण्याआधी सोडियम कार्बोनेट पुरेसे आहे ना हेही तपासा. आम्ल शिल्लक राहिले तर निळा रंग उठतच नाही, आणि ते शिल्लक आहे की नाही हे लिटमसच्या एका पट्टीने कळते. खालचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट आणि बेसिक अमिनो आम्लांचा तुटवडा यामुळे ब्रॅडफर्डमध्ये (रंगावरून प्रथिन मोजण्याच्या पद्धतीत) या घराण्यातली प्रथिने कमी दिसतात. त्यातून प्रति मिलिग्रॅम ॲक्टिव्हिटी फुगते. सांगताना कोणत्या पद्धतीने प्रथिन मोजले ते सांगा.

पेट्री डिशवरच्या वलयावर फार विसंबू नका. दुधाच्या आगारवर नायजरभोवती दिसणारा बदल प्रोटिएजमुळे असेल किंवा नायजरने सोडलेल्या सायट्रिक, ग्लुकोनिक, ऑक्झॅलिक आम्लामुळेही असेल. पीएच ३.५ च्या सीरम अल्ब्युमिन आगारवर वाढवून नंतर ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल ओतले तर न पचलेले प्रथिन पांढरे होते आणि वलय स्वच्छ दिसते. आगार मात्र आम्लासोबत ऑटोक्लेव्ह करू नका. त्याचे विघटन होते आणि प्लेट बसत नाही. आगार वेगळा निर्जंतुक करा, आम्ल नंतर घाला.

आता उत्पादन, म्हणजे चौथ्या दिवसाची पडझड.

बुरशीला भोवतालचा पीएच कळतो. ॲस्परजिलसमध्ये पॅकसी नावाचे नियंत्रक प्रथिन हे काम करते: भोवताल अल्कधर्मी झाला की ते सक्रिय होते, अल्कधर्मी प्रोटिएजची जनुके उघडते आणि आम्लधर्मी बंद करते. म्हणजे पीएच चढल्यावर दुहेरी मार बसतो. जुने एन्झाइम उलगडते आणि नवे बनायचे थांबते. कोंड्यात नेमके हेच घडते. सुरुवातीला साखर असते, बुरशी आम्ल सोडते, पीएच खाली जातो. साखर संपली की ती प्रथिनेच इंधन म्हणून जाळू लागते, अमिनो आम्लांतला नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो आणि पीएच वर सरकतो. तुमच्या ९६ तासांच्या थाळीतला एक ग्रॅम कोंडा दहा मिलिलिटर पाण्यात ढवळून पीएच घ्या. ६.५ च्या पुढे दिसला तर उत्तर मिळाले. ५ च्या आत असेल तर मग स्वयंपचन, कोंडा सुकणे किंवा बीजाणू धरणे ही कारणे शोधा.

कोंड्याला स्वतःची बफर क्षमता बरीच असते. भिजवायचे पाणी ४ चे होते म्हणून कोंडा ४ चा होत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने भिजवा आणि ऑटोक्लेव्ह झाल्यानंतर पीएच मोजा. ४ ते ४.५ ला सुरुवात केली तर बॅसिलस या जिवाणूलाही आळा बसतो. नाहीतर त्याचे न्यूट्रल प्रोटिएज तुमच्या खात्यावर जमा होते. ओलावा ५० ते ६० टक्के. कोंडा मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी निघू नये. पाणी निघाले तर कणांमधली हवा गेली. तापमान २८ ते ३० अंश, प्रति ग्रॅम सुमारे १० लाख ते १ कोटी बीजाणू.

थाळीतला थर दोन ते चार सेंटिमीटरच ठेवा. कोंडा उष्णता फार वाईट वाहून नेतो. दुसऱ्या दिवशी बुरशी जोमात असते तेव्हा जाड थराच्या मध्यभागी तापमान ४० च्या वर सहज जाते, कपाटाचा थर्मामीटर ३० दाखवत असला तरी. थर्मामीटर थरात खुपसा, कपाटात नको. थर धागे धरून चकतीसारखा उचलला जायला लागला की एकदा हलक्या हाताने उलटा. वारंवार कालवलात तर धागे तुटतात.

नायट्रोजनचा पेच जरा गंमतीचा आहे. अमोनियम क्षार दिले की बुरशी अमोनियम घेते, प्रोटॉन सोडते आणि पीएच छान उतरतो. पण तेच अमोनियम एरिआ या नियंत्रकामार्फत प्रोटिएजची जनुके दाबते. आयता नायट्रोजन मिळत असताना प्रथिन फोडायची गरज काय? तसेच मुबलक ग्लुकोज असेल तर क्रीए हे दुसरे नियंत्रक प्रथिन ती जनुके दाबून ठेवते. म्हणून सोयाबीनची पेंड किंवा केसीन हा नायट्रोजनचा मुख्य स्रोत ठेवा आणि पीएच आम्लाने सांभाळा, अमोनियमने नाही. ॲस्परजिलसमध्ये पीआरटीटी हा सक्रियक बऱ्याच प्रोटिएज जनुकांना एकत्र उठवतो. नायजरकडून दुसरी प्रथिने बनवून घेणारे लोक याच्या अगदी उलट खटपट करतात. त्यांचे तयार प्रथिन हेच ॲस्परजिलोपेप्सिन खाऊन टाकते, म्हणून ते पीआरटीटी बिघडवलेले किंवा पेपए हे ॲस्परजिलोपेप्सिनचे जनुक काढलेले स्ट्रेन वापरतात. असा स्ट्रेन कुणाकडून चुकून तुमच्या हाती आला तर कितीही कोंडा घाला, काही निघणार नाही. संग्रहातून स्ट्रेन मागवताना हे विचारून घ्या.

फर्मेंटरमध्ये गेलात तर पीएच हाताशी राहतो, हा मोठा फायदा. बाकी डोकेदुखी बुरशीच्या आकाराची. बीजाणू कमी पडले तर मोठ्या गोळ्या होतात, आतला भाग ऑक्सिजनविना मरतो. जास्त झाले तर सगळा लगदा, ढवळणारा पंखा मधेच खड्डा करून फिरतो आणि भिंतीजवळचा द्राव हलत नाही. प्रथिनयुक्त माध्यमाला फेसही भरपूर येतो. फेसरोधक घालाच, पण हात आखडून. तो पुढे अल्ट्राफिल्ट्रेशनची झिल्ली बुजवतो.

काढणी ७२ तासांच्या आसपास, बीजाणू काळे धरण्याआधी. काळी थाळी म्हणजे उशीर झाला, आणि वर अर्कात बीजाणू व रंगद्रव्ये उतरतात. ती डीईएईलाही चिकटून बसतात. पीएच ५ चा सौम्य ॲसिटेट बफर घालून थंडीत काढा, गाळा, सेंट्रिफ्यूज करा, १० किलोडाल्टनच्या झिल्लीवर घट्ट करा. पेपस्टॅटिन-ॲगरोजही चालते, पण ते महाग पडते आणि ग्लुटामिक पेप्टिडेज त्यावर थांबतच नाही. ओघाने तीच तुमची वेगळे करण्याची सोय.

एन्झाइम कशासाठी हवे यावर निवड ठरते. चीजसाठी नायजर नको. तिथे दूध फाटण्याची क्षमता जास्त आणि एकूण प्रथिनभंजन कमी हवे. कप्पा केसीनचा १०५–१०६ हा फेनिलॲलनिन–मेथिओनिन बंध तेवढा तुटावा, बाकी प्रथिन शाबूत राहावे. हे काम रायझोम्यूकर मिहाय आणि रायझोम्यूकर पुसिलस करतात. मिहायचे एन्झाइम उष्णतेला इतके टिकाऊ होते की ते नंतरही कापतच राहायचे. म्हणून त्याचे मेथिओनिन ऑक्सिडाइझ करून ते मुद्दाम कमकुवत केले जाते. क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका, म्हणजे चेस्टनटच्या झाडांवर रोग आणणारी बुरशी, १०४–१०५ हा शेजारचा बंध तोडते. तिचे एन्झाइम तापाने लवकर निकामी होते म्हणून जास्त तापवल्या जाणाऱ्या चीजमध्ये चालते.

नायजरच्या मिश्रणाला जागा आहे ती वाइनमध्ये. तिथला पीएच त्याच्या सोयीचा. पण धूसरपणा आणणारी द्राक्षाची प्रथिने घट्ट गुंडाळलेली असतात, थंड रसात ती पचत नाहीत. रस सुमारे ७५ अंशांना मिनिटभर तापवला की ती उलगडतात आणि एन्झाइम त्यांना कापून टाकते. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०२१ मध्ये ॲस्परजिलोपेप्सिन १ च्या वापराला मान्यता दिली. मक्यापासून इथेनॉल बनवतानाही आम्ल प्रोटिएज घालतात. यीस्टला अमिनो नायट्रोजन मिळतो आणि युरिया कमी लागतो. खाण्यासाठी प्रथिन-हायड्रोलायझेट करणार असाल तर एकट्या ॲस्पार्टिक प्रोटिएजने ते कडू होईल, कारण कापलेल्या तुकड्यांच्या टोकाला जलविरोधी अमिनो आम्ले राहतात. तुम्हाला शुद्धीकरणात नकोशी वाटणारी कार्बॉक्सिपेप्टिडेज तिथे हवी असतात. अशा वेळी कच्चा अर्क शुद्ध एन्झाइमपेक्षा चांगला.

खाद्य किंवा औषधासाठी जायचे असेल तर स्ट्रेनची विषद्रव्य-तपासणी आधी करा, ॲक्टिव्हिटी नंतर. नायजरचे काही स्ट्रेन ऑक्राटॉक्सिन ए आणि फ्युमोनिसिन बी२ बनवतात. मातीतून स्वतः वेगळा केलेला स्ट्रेन कितीही जोरकस असला तरी तो प्रयोगशाळेपुरताच. आणि सुकवलेली पूड हाताळताना मास्क हवाच. प्रोटिएजची धूळ श्वासातून गेली की काही लोकांना दम्याची ॲलर्जी जडते. म्हणून विक्रीचे एन्झाइम द्रवरूपात किंवा कणीदार करून देतात. तुम्हाला साठवायचेच असेल तर पीएच ४.५ ते ५ चा गाळलेला द्राव, निम्मे ग्लिसरॉल, उणे २० अंश. तेवढे पुरते.